नेहाने केलेले पोहे

बरखेडा, भोपाळ
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप विजयावन्संना,

रत्नप्रभेचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकले तर उठवायला माणूस लागतो, आणि घरात आत्ता मी आणि नेहा दोघीच.) इकडे सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याचं कसं काय ते कळवा, थोडक्यात कळवा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. मी चौथी शिकलेली, तेव्हा अक्षराकडे बघू नका, मजकुराकडे बघा.

आमची नात नेहा नऊ वर्षांची झाली. तुम्ही बघितलीत तेव्हा पाळण्यात होती, आणि मान कधी धरणार असं विचारून तुम्ही नागपूरला निघून गेलात. अजून धरलेली नाही. बसत नाही, बोलत नाही, हाताने घास घेत नाही. (हे लिहिताना जमतं मला. पुढे कळेल का सांगते आहे.) अशा मुलांची एक शाळा आहे, तिची गाडी दारापर्यंत येते, पण मापाची, पट्ट्यांची, मान सांभाळणारी चाकाची खुर्ची असेल तरच मुलाला नेते. खुर्ची एक संस्था देते. संस्थेची बाई घरी येऊन चौकशी करते, मग नाव यादीत लागतं. आजवर नेहाची खुर्ची मीच. मुलगी अठरा किलोची आणि मांडी चौऱ्याहत्तर वर्षांची, पुढचा हिशेब तुम्हीच करा.

तर मागच्या गुरुवारी ती बाई आली. परीक्षित मंडीदीपला कारखान्यात, सूनबाई प्राजक्ता तुलसी नगरला ऑफिसात, घरी मी. ती खुर्चीसाठी येणार हे मला पक्कं माहीत होतं, मी काही खुळी नाही. पण मुलगी बघायला कोणी येणार म्हटलं की माझ्या हातांना विचारावं लागत नाही. भावाच्या चार मुली मी याच हातांनी दाखवून उजवल्या. नेहाला परकर-पोलकं घातलं, पावडर लावली, गजरा माळला, पाठीशी चार उशा लावून वरून चादर अशी ओढली की एकही उशी दिसू नये. पोहे केले, वर शेव घातली. (तुम्हाला शेव चालत नाही. तुम्ही आला नव्हता.)

बाईचं नाव विनिता. चोवीस-पंचवीसची, नोकरीत नवीच. आपल्यातलीच, पण तीन पिढ्या इथे काढल्यामुळे भाषेची खिचडी. म्हणाली, "आजी, टेन्शन नका घेऊ, बस थोडे सवाल आहेत." सवाल तेवीस निघाले. फोनवर एकेक वाचायची आणि उत्तर टिपायची. मुलगी हाताने जेवते का? जेवते. कपडे घालते का? स्वतः घालते. मान का टेकवून आहे? जरा लाजते आहे. घरात मदत करते का? हे पोहे तिनेच केले आहेत.

हे शेवटचं तोंडातून गेलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. पण पोहे कोणी केले या प्रश्नाला आमच्या घरात दुसरं उत्तर नाही, तुम्हाला माहीतच आहे. नेहाला सगळं कळतं. बोलता येत नसलं तरी खोटं नेमकं ओळखते आणि खदखदून हसते. तेवीस प्रश्नांत बावीस वेळा हसली. विनिताने लिहिलं, स्वभाव आनंदी. तेविसावा प्रश्न होता, दिवसभर मुलीजवळ कोण असतं. मी म्हटलं, मी. तेव्हा नाही हसली.

विनिता बिचारी उशांकडे बघत होती, पण म्हणाली, माझ्या बघण्याचं काही नाही, घरच्यांनी सांगितलं तेच लिहायचं, निकाल फोन आपोआप लावतो. फोनने लावला. संध्याकाळी परीक्षितला कळवलं की मुलीला मदतीची गरज अल्प, नाव यादीतून कमी. प्राजक्ता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "आई, पोहे तिने केले?" मग भांडी घासायला गेली. घासलेलीच होती.

काल विनिता स्वतःच्या सुट्टीत परत आली. वरच्या साहेबांपुढे सगळी चूक तिने स्वतःवर घेतली होती. (मूर्ख आहे, पण वळण चांगलं.) येत्या गुरुवारी फेरचौकशी मिळाली, साहेब बरोबर येणार. ही एकच संधी, नंतर नाव पुढच्या वर्षी. तिने मला पढवलं: खात नाही म्हणा, बसत नाही म्हणा, बास. मी मेथी निवडताना सराव केला. खात नाही, पण खाण्याची आवड किती. बसत नाही, पण बसून तरी कोणाचं भलं झालंय. विनिताने कपाळाला हात लावला. म्हणाली, नेहाला आतल्या खोलीत ठेवू. या क्वार्टरच्या भिंतींतून शेजारच्याची शिंक ऐकू येते, वन्सं. नऊ वर्षं तिच्यापुढे तिला नाही हा शब्द मी वापरलेला नाही, आता जीभ वळत नाही. परीक्षित-प्राजक्ताचीही तीच गत.

हे पत्र आज रात्रीच्या गाडीने नागपूरला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती देते आहे. बाकी क्षेम. लोणचं बरं झालंय.

आपली,
रत्नप्रभा

ता. क. बुधवारच्या गाडीने या. चोपन्न वर्षांपूर्वी तुम्ही मला बघायला अमरावतीला आला होतात. अंगणात चालवलंत, सुईत दोरा ओवायला लावलात, आणि घरी जाऊन माझे सात दोष सांगितलेत. तुमच्या भावाने मला पहिल्याच महिन्यात सगळे मोजून दाखवले. एकही खोटा नव्हता. घरातलं कोणीही वडीलधारं माणूस चालेल असं विनिता म्हणते, आणि आपल्या घरात असं माणूस तुम्हीच.

ता. क. दुसरा. तेवीस प्रश्नांची नक्कल सोबत पाठवते आहे, वाटेत वाचा. सगळं खरं सांगा, तुम्हाला जड जाणार नाही. मात्र शेवटी "मुलगी गुणाची आहे" वगैरे जोडू नका, फोन तेही धरतो. म्हणायचंच असेल तर विनिता आणि साहेब जिना उतरल्यावर म्हणा. आम्ही दोघी थांबू.