मधला बॉल

प्रिय ठमे,

फोनवर तू 'गोळ्या घेतेस ना?' एवढंच विचारतेस, मी 'हो' म्हणते आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून हे पत्र. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

हॉल तसाच आहे. दोन दिवे गेलेत, ते कुणी बदलत नाही. सध्या व्हॉलीबॉलला बारा मुली येतात. सर्व्हिस आली की सगळ्यांचे हात आधी हलतात, पाय मागून. मी घसा फोडून सांगते, आधी पाय, बॉलखाली पोचा, मग हात जोडा, कोपर वाकवू नका. पास घेऊन बॉल चढवून देणाऱ्या सेटरच्या जागी टोपली ठेवते आणि दहा पास तिच्यात पडेपर्यंत कुणाला सोडत नाही. सर्व्हिस करणारी दिसू नये म्हणून नेटवर चादर टाकायचे, तेही चालू आहे. चादर तीच, तुझी, निळ्या चौकटींची. घर सोडताना तू ती मागितली होतीस आणि मी दिली नव्हती.

त्या चादरीवरून अचानक आलेला बॉल तुझ्याइतका अलगद कुणी उचलला नाही. हे तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. कोचची मुलगी म्हणून चार बोलणी जास्तच खाल्लीस. तुझ्या शेजारी चिमणी असायची. हात चांगला, पण दोघींच्या मधे पडणारा बॉल आला की जागच्या जागी थिजायची. 'माझा' असं ओरडायचं आणि दुसरीने थांबायचं, हा आपला नियम. तिच्या तोंडून तो शब्दच फुटायचा नाही.

अंतिम सामन्यात फुटला. दोघी ओरडलात, दोघी धावलात, आणि चिमणीचा गुडघा कायमचा गेला. सगळ्यांसमोर मी तुलाच म्हणाले, तुला स्वतःपुढे दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. 'पण आई, तूच तर...' एवढं बोलून तू थांबलीस. मी नजर फिरवली. तू बूट तिथेच टाकून अनवाणी घरी आलीस, आणि पुन्हा बॉलला हात लावला नाहीस.

काल चिमणी हॉलवर आली होती. अजून लंगडते. तिच्या हावरटपणामुळे तू खेळ सोडलास, हे अकरा वर्षं तिचं मन खातंय, असं सांगून ती रडली. मी तिला चहा पाजला आणि गप्प बसले. ती गेल्यावर मला स्वतःची किळस आली. ठमे, सामन्याआधी मी तुला बाजूला घेतलं होतं, मधला बॉल तुझा, चिमणीच्या भरवशावर राहू नकोस, म्हणाले होते. मग तिला धीर यावा म्हणून तिलाही बाजूला घेतलं. आज मधला बॉल तुझा, ठमी थांबेल, म्हणाले. तुला ते सांगायला हवं होतं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि मला वाटलं, निभेल. चिमणीलाही हेच लिहिलंय. या वेळीही दोघींना एकच गोष्ट सांगते आहे, चूक माझी. माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते. चादर धुऊन सोबत पाठवली आहे.

तुझीच,
आई