मेंढीच्या तोंडातला हात

आबा, परवा मी तुमच्या लेकाच्या मुस्काटात मारली. चांगली पाचही बोटं उठली. तोडणी झालेल्या उसाच्या फडात, चार मेंढक्यांच्या देखत, तिशीतल्या बाप्याला बहिणीनं मारायचं म्हणजे काय, हे मला कळतं. तरी मारली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तुम्ही असता तर आधी माझ्यावरच डोळे वटारले असते, "लय माज आला व्हय गं?" म्हणून. आणि कारण ऐकल्यावर तुम्हीच त्याच्या दुसऱ्या गालावर दिली असती. तेव्हा कारण सांगते.

मेंढरं आता तोच राखतो. आपल्या माळावरचं गवत संपलं की तो अजूनही खाली उतरतो, कडेगावच्या बाजूला. ऊस गेलेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. मी तिथून जवळच्याच सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीत होते. परवा दुपारी त्याचा फोन आला. "आक्का, एक मेंढी चारा गिळंना. नुसती लाळ गळतीया. घशात काटा अडकला का काय म्हणून कोपरापातूर हात घालून बघितला, तर काय बी न्हाई. काय दिऊ तिला?" मी विचारलं, अजून काय करते? तर म्हणाला, सकाळपासनं दगडाला टकरा घेतीया, सवताच्या कोकराला बी तुडवाय बघतीया. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मागं एक कुत्रं घुसलं हुतं कळपात. हिचाच व्हट फाडला हुता त्यानं." मी विचारलं, तुझ्या हाताला कुठं कापलंय का? "लोकर कातरताना दोन बोटं कापल्यात. त्याचं काय एवढं?" मी वॉर्डात उभी होते. हातातला ट्रे तिथंच ठेवला आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

कारण हे सगळं मी एकदा बघितलेलं आहे. आपण आटपाडीच्या वरच्या अंगाला तळ टाकला होता. भर दुपारी ते कुत्रं आलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, मान तिरकी करून सरळ चालत आलं. एका मेंढीचा ओठ फाडला आणि वळून माझ्या पोटरीला धरलं. सोडेचना. तुम्ही कुऱ्हाडीनं त्याचं डोकं फोडलं, तरी त्याचे दात माझ्या मांसात तसेच रुतलेले. जबडा फाकवून तुम्ही ते काढलं. मग चुलत्यांनी काठ्यांनी त्याला एवढं हाणलं की ते कुत्रं होतं हेही ओळखू येईना, आणि मेल्यावरही किती वेळ हाणतच होते. तुम्ही माझ्या जखमेत तिखट कोंबलंत. माझं ओरडणं पार पलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं असेल. पण तेवढ्यावर थांबला नाहीत, हे मी विसरले नाही. दुसऱ्या दिवसापासून मला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जायला लागलात, एसटीनं. बेंबीभोवती सुया. रोज. डॉक्टरच्या टेबलावर मला दाबून धरायचं काम तुमचं. "रडलीस तर हितंच टाकून जाईन," म्हणायचात, आणि बाहेर आलं की स्टँडवर गरम भजी. मला आजही भज्यांचा वास आला की पोटात कळ येते आणि भूकही लागते, दोन्ही एकदमच.

माझ्या सुया संपल्या, जखम भरली, आणि मग ओठ फाटलेली ती मेंढी बिघडली. तुम्ही तिला दोन पायांत धरली आणि घशात हात घातलात. लोकर कातरायचे दिवस होते, तुमची बोटं कायम चिरलेली. आई म्हणाली, "आवं, हात तरी धुवा." तुम्ही हसलात. "मेंढी कवा चावती व्हय? वरचं दात तरी हाईत का तिला?" हात धोतराला पुसलात आणि भाकरी मोडलीत. संध्याकाळी ती मेंढी कपाळ फुटेपर्यंत दगडावर आपटायला लागली तेव्हा तुम्ही तिची मान कापून तिला पुरून टाकलंत. त्या दवाखान्याची वाट तुम्हाला तोंडपाठ होती, पण परत तिकडं जायचं तुमच्या मनातही आलं नाही. चावतं ते कुत्रं. मेंढी म्हणजे लेकरू, तिच्या तोंडात हात घालायचाच असतो. मेंढरं राखणाऱ्या कुठल्याही माणसानं तेच केलं असतं.

त्या दिवशी तुमच्या बोटांतून काय आत गेलं, ते मी नर्सिंगला गेल्यावर शिकले. विषाणू हा धड जिवंतही नाही आणि धड मेलेलाही नाही. त्याला ना घर ना चूल, स्वतःच्या बळावर एक पिल्लू काढता येत नाही त्याला. त्याच्या अंगावर काटे असतात. ते पेशीच्या अंगावर नेमक्या जागी रुतले की पेशी त्याला आपलंच काही समजून स्वतः आत ओढून घेते. आत शिरला की तो कवच फेकतो आणि पेशीतल्या सगळ्या यंत्रणेला कामाला जुंपतो, तुमचं राहू द्या, माझी पोरं घडवा. शरीर हे मुकाट्यानं सोसत नाही. बाधा झालेली पेशी मरता मरता बोंब ठोकते, शेजारच्या पेशी सावध होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी विषाणूला गिळतात, फाडतात आणि त्याचा तुकडा नेऊन काखेतल्या, मानेतल्या गाठींमध्ये दाखवतात, की असला चोर आलाय. मग दोन फौजा निघतात. एक फौज प्रतिपिंडं बनवते. ती विषाणूच्या काट्यांना चिकटून बसतात, मग त्याला कुठं रुतता येत नाही. दुसरी फौज निर्दय असते. ती आपल्याच बाधलेल्या पेशी हुडकून त्यांना भोकं पाडून मारते. वस्तीला आग लागली की पुढचं छप्पर आपणच ओढून पाडतो ना, तसंच. ताप, सूज, ठणका, सगळं त्या मारामारीचं.

पण पिसाळण्याचा विषाणू बेरकी. लांडगा वाऱ्याच्या खालच्या अंगानं येतो, कुत्र्यांना वास लागू देत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. हा तसाच. बोटाच्या चिरेतून तो नसांत शिरला, ज्या नसांनी आपल्याला दुखणं कळतं त्या नसांत. तिथं त्यानं मोडतोड केली नाही, गोंगाट केला नाही. त्या नसांच्या पेशी गेल्या तर परत उगवत नाहीत, म्हणून शरीरही तिथं हत्यार चालवताना कचरतं. तुम्ही मेंढरं चारत होता, बाजार करत होता, आणि तो हातातून खांद्याकडं, खांद्यातून मणक्याकडं सरकत होता. तुमची फौज घोरत पडलेली. माझ्या पोटात डॉक्टर टोचत होते ते याच विषाणूचं मेलेलं सोंग. फौजेला चोराचं तोंड आधीच दाखवून ठेवायचं, म्हणजे तो मेंदूच्या वेशीवर पोचायच्या आत ती उठते. एकदा तो मेंदूत शिरला की मग कुणाच्या बापाला ऐकत नाही. तिथून लाळेत उतरतो, घसा आवळून धरतो म्हणजे लाळ गिळली जाऊ नये, आणि डोक्यात आग लावतो.

तुमच्या बोटांत मुंग्या आल्या तेव्हा आपण घरी आलो होतो. मग ताप. मग वाऱ्याची झुळूक आली तरी तुम्ही दचकायला लागलात. आई तांब्या घेऊन आली तर तुमच्या गळ्याच्या शिरा अशा ताणल्या की तांब्या तिच्या हातातून सुटला. कुत्रं तुम्हाला चावलं नव्हतं, मग पिसाळण्याचा विचार कोण करणार? गाववाले म्हणाले, बाहेरची बाधा झाली. देवऋषी आणला. त्यानं निरगुडीच्या फोकांनी तुमची पाठ सोलली, मिरच्यांची धुरी दिली. तुम्ही त्याच्या मनगटाचा लचका तोडायला धावलात, चौघांनी मिळून आवरलं. मधेच डोळे निवळले आणि तुम्हीच म्हणालात, "बांधा रं मला. पोरं हाईत घरात." लोकरीच्या दोरानं बाजेला बांधलं तुम्हाला. हात बांधले, छाती बांधली, पाय राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा लेक, रांगता, कुणाचं लक्ष नसताना बाजेपाशी गेला. तुमच्या हनुवटीवरनं लाळ गळत होती. तुम्ही त्याला लाथ मारलीत. पोर जात्यावर जाऊन आदळलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. ते वाकडंच सांधलं, अजून सदऱ्यातून दिसतं. संध्याकाळी तुम्ही गेलात.

तो त्या लाथेवर मोठा झाला. गावानं त्याला तेवढंच सांगितलं, बाप येडा होऊन मेला आणि जाता जाता पोराला लाथ घालून गेला. तुमचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा. नर्सिंगहून येऊन मी आईला खरा रोग सांगितला, तर ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला उकरू नगो." आणि तो तर ऐकायलाच बसत नव्हता.

परवा स्कूटी घेऊन मी त्याच्या तळावर पोचले. मेंढी खुंटाला बांधून ठेवली होती, तिच्या तोंडाला फेस, कपाळ रक्तानं माखलेलं. मी त्याचे हात साबणानं घासायला घेतले आणि म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सुई घ्यायची. तो हसला. "खुळी का काय आक्का? मला कुठं चावलीया? वरचं दात तरी हाईत का तिला?"

तुमचंच वाक्य, आबा. जसंच्या तसं. तुमचा आवाजही ज्याला आठवत नाही, त्याच्या तोंडून. तिथं माझा हात उठला.

तो गाल धरून उभा राहिला. मग थुंकला आणि म्हणाला, "बापानं लाथ घातली, भनीनं थोबाडीत. आपलं घरच मारकुटं." दुसरा मेंढका पुढं आला, "आवं ताई, असं नगा करू," म्हणत. मी त्याला बाजूला सारलं आणि तिथंच, ढेकळांत उभं राहून, सगळं सांगितलं. मेंढी, बोटं, मुंग्या, पाणी. तो पहिल्यांदाच निघून गेला नाही. बापासारखाच मरायचंय का तुला, म्हणून मी ओरडत होते. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "मग मला का मारलं त्यानं?" मी म्हटलं, "लाळ गळत होती त्यांची. तू अंगावर चढला असतास, तुझं तोंड लागलं असतं, म्हणून लांब सारलं तुला. बांधलेल्या माणसाकडं पाय सोडून काय होतं?" त्यानं हातातली काठी दुसऱ्याकडं दिली आणि स्कूटीवर मागं बसला.

दवाखान्यात जखमांच्या आत औषध भरायचं असतं, तयार प्रतिपिंडं, म्हणजे फौज उठेपर्यंत विषाणूला दारातच धरता येतं. चिरलेल्या बोटाच्या टोकाला सुई म्हणजे काय, ते ज्याला बसते त्यालाच कळतं. त्यानं डॉक्टरला शिव्या दिल्या, मला दिल्या, मेंढीच्या सात पिढ्यांना दिल्या. मी त्याचं मनगट माझ्या छातीशी दाबून धरलं, तुम्ही मला धरायचात तसं. मेंढीला जनावरांच्या डॉक्टरांनी संपवली आणि खोल पुरली. आता तो माझ्या घरी आहे. सुया अजून बाकी आहेत, पण आम्ही वेळेत होतो आणि तो वाचणार, हे मी नर्स म्हणून सांगते. काल त्याला ताप चढला. तो घाबरला, मी मनातून हरखले. फौज उठली होती.

आज सकाळी तो चहा पीत बसला होता. त्या वाकड्या हाडावरनं बोट फिरवत म्हणाला, "आक्का, त्यानं बघून मारली न्हवं? झटक्यात पाय लागला, असं न्हाई ना?" मी म्हटलं, "बघून मारली. आधी तुझ्याकडं बघितलं, मग मारली." त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तसल्या हालात बी वळिकलं म्हन की मला." आणि उठून तुमच्या फोटोवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि त्याच्या हाती तर लागूच द्यायचं नाही. त्या दिवशी तुम्ही पहाटेपासूनच पाय झाडत होता, आबा. तो बाजेपाशी गेला तेव्हा मी भिऊन आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं. मी फक्त आवाज ऐकला.