आमच्या वेदीवरचा सिंह

सोमवार, ९ मार्च
हे कृपासिंधो, जिभेला संयम दे, लेखणीला सत्य दे. उपवासकाळ आहे, ईस्टरपर्यंत क्रोध वर्ज्य.
विषय असा : आमच्या चर्चच्या वेदीवरचे संत जेरोमचे चित्र साफसफाई होऊन फेर्रारा शहरातल्या संग्रहालयाच्या प्रदर्शनात लागले आहे. ज्याने बायबल लॅटिनमध्ये आणले, सिंहाच्या पंजातला काटा काढला, तो जेरोम. मी आयुष्यभर लॅटिन शिकवले आणि दर रविवारी मुलांना हा सिंह समजावला. साहजिकच येत्या रविवारचे व्याख्यान माझे. तत्पूर्वी चित्र जवळून पाहणे, एवढेच उरले. मेणबत्त्यांच्या काजळीखाली ते नीट कधी दिसलेच नाही. परंतु अभ्यासकाला त्याची गरज नसते.
बहीण एर्सिलियासह बसने गेलो. संग्रहालय बंद. ती म्हणाली, "अरे ओत्तोरीनो, सोमवारी म्युझियम बंद असतं हे मांजरालाही ठाऊक आहे."
क्रोध आला नाही. दाराला छत्री लागली, इतकेच.

मंगळवार, १०
तिकीट आधी फोनवर काढावे लागते म्हणे. दारातल्या बाईंना जेरोमचे एक लॅटिन वचन ऐकवले. "सुंदर! पण कोड दाखवा, आजोबा." आजोबा!
जेरोमही तापट होता. तेव्हा किंचित क्रोध शास्त्रसंमत.

गुरुवार, १२
काल बसचा संप. आज एर्सिलियाने कोड मिळवला. बॅग लॉकरमध्ये ठेवायला लावली, चष्मा बॅगेत. तरीही चित्र भव्य वाटले. सिंह जरा वाळलेला.
एर्सिलिया पुढे झाली. "सिंह कुठला? कुत्रा आहे हा! तोंडात पाव धरलाय. खाली लिहिलंय बघ, संत रोक्को. प्लेग होऊन रानात पडला होता, त्याला कुत्रा पाव आणून द्यायचा, तो."
पाटी लिहिणारा अडाणी असावा.

शनिवार, १४
उलगडा झाला. साफ करणाऱ्यांनी काजळीबरोबर आयाळही धुऊन टाकली! पावाचे म्हणाल, तर उपवासकाळात सिंहही मांस सोडतो. उद्या हेच सांगणार.
फादर एजिदिओ म्हणाले, "प्रोफेसर, रोक्को असला तर काय बिघडलं?"
मग इतकी वर्षे मी मुलांना काय शिकवले?

रविवार, १५
व्याख्यान दिले. आयाळ सिद्ध केली. कोणी हसले नाही. शंका विचारा, असे मीच म्हणालो.
बेकरीवाल्या झेलिंदाबाई उठल्या. "शंका कसली, प्रोफेसर? आम्ही लहानपणापासून त्याला रोक्कोच म्हणतो. ऑगस्टमध्ये तुम्ही समुद्रावर जाता ना, तेव्हा रोक्कोच्या सणाला आमच्या कुत्र्यांना इथेच आशीर्वाद मिळतो. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून तुमच्यापुढे जेरोम म्हणायचो."
सगळ्या चर्चने माना डोलावल्या. माझ्या विद्यार्थ्यांनीही. फादरांनीही.
घरी एर्सिलियाने सूप वाढले. ती टोमणा मारती तर बरे झाले असते.
हे जो कोणी वाचील (एर्सिलिया, तुलाही), त्याला देव आरोग्य देवो, ताटात अन्न देवो, आणि त्याची चूक वर्षानुवर्षे सांभाळून घेणारे शेजारी देवो. आमेन.