सिनेमात चहा देणारी पाठ

नरडाणा, मंगळवार संध्याकाळ

सिनेमात काम मिळालं हे मी घरी सांगायलाच नको होतं. आबांनी त्या आनंदात आज शेतात भरीत-पार्टी ठेवली. कळण्याची भाकरी खात अख्खी गल्ली मोबाईलवर सिनेमा बघायला बसली. हिरोला चहा देतो तो मी. प्रसंग आला, आणि चहा देणारा पाठमोरा! त्यातून ती पाठ माझी नाहीच. माझा शॉट कापून दुसऱ्याच कुणाला उभं केलेलं. मला कळवायचीही कुणाला गरज वाटली नाही?

"कोठे शे रे तू?" शेजारचे नाना म्हणाले. मी तोंडात भरीत कोंबलं.

तेवढ्यात आईने मोबाईलमधल्या डोक्याकडे बोट दाखवत माझी मान धरून खाली वाकवली. "हाऊ दखा डोकावरना भोवरा! तोच शे." मग जो तो माझा भोवरा तपासायला लागला. फोटोसाठी रांग लागली, आणि मला म्हणे पाठ करून उभा राहा. सिनेमासाठी धडपडतोय त्या सात वर्षांत पहिली रांग, तीही पाठीमागे.

निघताना आई उरलेलं भरीत डब्यात भरत होती. वर न बघताच म्हणाली, "पुढला सिनेमामा तरी तुनाच भोवरा दखाड."