भावजींनी केलेला फोन

३ जानेवारी
मूर्खपणालाही काही हद्द असते असं मला वाटायचं. नसते! आमच्या शेडमध्ये चौदा कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडून. आणि भावजींनी थोरल्या भावाला न विचारता सरळ पशुवैद्यकीय खात्याला फोन लावला! हे ओरडले, तर म्हणतात कसे— "दादा, विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि पोरं दिवसभर त्या शेडमध्येच असतात." पोरांना काय धाड भरलीये? हरिश्चंद्राचा अवतार!

४ जानेवारी
टेकडीपलीकडच्या अंडेवाल्याच्याही मेल्या म्हणे. त्याने खड्डा खणला, चुना टाकला, तोंड मिटलं. याला म्हणतात अक्कल.

७ जानेवारी
रिपोर्ट आला. बर्ड फ्लू. सहाच्या सहा हजार मारणार.

८ जानेवारी
पांढऱ्या पोशाखातले बारा जण आले. बारा जणांत मिळून एक डोकं नाही! भर दुपारी, लख्ख उजेडात कोंबड्या धरायला निघाले. नुसता हलकल्लोळ. एक जण पाण्याच्या भांड्यावर आपटला. मला हसू आलं. पुढे रडूही आलं, पण ते आत, मोरीत.

मग भावजी तोच पोशाख चढवून गेले. शेडचे पडदे सोडले, दिवे घालवले. अंधार झाला की कोंबडी खाली बसते— साहेबांना एवढंही ठाऊक नव्हतं. दोन मिनिटांत शेड गप्प. भावजी एकेक उचलून देत राहिले, पंख दाबून, हलक्या हाताने. पिल्लं होती तेव्हापासून तेच वाढवत आले ना त्यांना!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झालं समाधान? आता कसायाकडे नोकरी बघा." पोशाख उतरवून सरळ आपल्या खोलीत गेले.

११ जानेवारी
भावजी आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. हेही बोलवत नाहीत, मी तर नाहीच. घर बुडवायचं आणि वर रुसायचं!

१२ जानेवारी
अंडेवाला अजून अंडी विकतोय. आमच्या शेडला कुलूप.

१९ जानेवारी
अंडेवाल्याची मुलगी आज पहाटे गेली. नऊ वर्षांची. चार दिवस ताप, मग श्वासच घेता येईना. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यापर्यंत तिनेच उचलून नेल्या होत्या.

आमची दोघं पोरं अंगणात भांडताहेत. मी भावजींच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. कडी वाजवायची हिंमत होत नाही.