अख्ख्या भाकरीचे डोहाळे

पिंगळी,
१२ फेब्रुवारी १९८६

सौ. कडूताईस, धाकट्या सुमनचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तू, दाजी अन् पोरं मजेत असालच (जिंतूरचं पाणी तुला चांगलंच मानवलंय, मागच्या भेटीत डोळ्यांनी पाहिलं). मोठी बातमी आधीच सांगते, म्हणजे तू पत्र शेवटून वाचायला लागणार नाहीस : मी जिंकले! गेल्या आठवड्यापासून या घरात मी दोन्ही वेळेला अख्खी भाकरी खाते.

हसू नकोस. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून सासूबाईंनी माझ्या ताटात आधी अर्धी भाकरी अन् मग चतकोर वाढायला सुरुवात केली होती. त्यांचं म्हणणं, "पोटभर खाल्लं की लेकरू पोटात पसरतंय, मग सुटका होत न्हाई माय." गावात येणारी नर्सबाई पालेभाजी, तीळ, शेंगदाणे-गूळ, ताक अन् पोटभर जेवण सांगून गेली. सासूबाईंनी तिला आल्याचा चहा पाजला, मान डोलावली अन् तिची पाठ वळताच चतकोर वाढली. तिनं दिलेल्या लाल गोळ्या भिंतीतल्या देवळीत ठेवल्या, लेकरू काळं होईल म्हणून. (देवळीतली धूळ मी रोज पुसते. पुसता पुसता एक गोळी तोंडात जाते.) पण ताई, उपाशी पोटी झोप येत नाही गं. आतलं लेकरू लाथा मारून भाकरी मागायचं अन् मला रडू यायचं.

मग मला अक्कल सुचली. पोटुशीचे डोहाळे मारले तर लेकराचा कान फुटतो, यावर सासूबाईंची पक्की श्रद्धा. पुरावा घरातच! आमच्या यांचा डावा कान लहानपणापासून वाहतो, बारा महिने कापसाचा बोळा. म्हणून एका सकाळी उठल्याबरोबर मला मेथीचे डोहाळे लागले. मग तीळगुळाचे, शेंगदाण्याच्या लाडवाचे, ताकाचे. नर्सबाईनं जे जे सांगितलं होतं त्या सगळ्याचे डोहाळे मला ओळीनं लागले. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आमी चिंचा मागितल्या, चुलीची माती मागितली. मेथीचे डोहाळे कुणाला लागतेत का?" पण कानाच्या धाकानं मुकाट्यानं पुरवायच्या.

शेवटी मी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, मला अख्ख्या भाकरीचे डोहाळे लागलेत, लोणी लावून." त्या उसळल्याच. "भाकरीचे अस्तेत व्हय डोहाळे? मला येडी समजायलीस का?" आता सगळं बिंग फुटतंय असं वाटलं. तेवढ्यात ओसरीवर सुपारी कातरत बसलेले मामंजी (घरात कधी तोंड न उघडणारा माणूस!) म्हणाले, "अस्तेत की. चंद्रभान पोटात व्हता तवा तू बी भाकरीच मागितली व्हतीस. माज्या मायनं दिली न्हाई." (चंद्रभान म्हणजे आमचे हेच, वाहत्या कानाचे!)

सासूबाईंनी चुलीत लाकूड सारलं. परात ओढली अन् एवढी भाकरी थापली की तवा पुरेना. माझ्या ताटात तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला. दुसरी थापली, ती स्वतःच्या ताटात घेतली. मामंजी अन् हे बाहेर ताटाची वाट बघत बसले अन् आम्ही दोघी आधी जेवलो. या घरात असं कधी झालं नव्हतं! खाताना त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांची फार माया आली, पण मी भाकरी काही खाली ठेवली नाही.

काल नर्सबाई आली, माझं वजन बघून खूश झाली. सासूबाई तिला म्हणाल्या, "म्याच खाऊ घालायले." मी मान डोलावली.

दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी विजयी बहीण,
सुमन

ता. क. : यांच्या कानाचं कुणाला बोलू नकोस. हे काल हळूच म्हणाले, लहानपणी कानात हरभरा घातला होता अन् मार बसेल म्हणून घरात सांगितलं नाही. बाळंतपण होईपर्यंत तो हरभरा आपल्या दोघींतच राहू दे.

आणखी ता. क. : खरे डोहाळे एकच, तुमच्याकडच्या येलदरी धरणातल्या तळलेल्या माशाचे. मामंजींच्या गळ्यात माळ, म्हणून चुलीजवळ नावही काढता येत नाही. मला न्यायला येशील तेव्हा डबा आण अन् मागच्या दारानं ये. थोडासा आणू नकोस. मी पत्र लिहिताना सासूबाई शेजारी येऊन बसल्यात (त्यांना वाचता येत नाही म्हणून बरं!) अन् त्यांनीच सांगितलंय, "दोघींचं पोट भरलं पायजे म्हणून लिव्ह." मी त्यांना म्हटलं, माझं अन् लेकराचं ना? तर म्हणतात, "लेकराचं नंतर बघू. तुझं अन् माझं."