तात्या तीन फुटांवर, वह्या सहा फुटांवर

पेठ, ता. आंबेगाव
गुरुवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

रा. रा. गोरखराव यांस,

ताईचे आशीर्वाद. (रागात असले तरी आशीर्वादच द्यावे लागतात, मोठी बहीण असण्याचा हा तोटा.) नाशिकची हवा मानवते ना? तुझा गुडघा कसा आहे? आणि रविवारी ऐन वेळी जिचं टायर गेलं, त्या तुझ्या गाडीची तब्येत आता कशी आहे? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तात्याही. हे ‘तात्याही’ वेगळं का लिहिलं ते पुढे कळेलच.

तुला आठवत असेलच (नसेल, म्हणून लिहिते), रविवारी आपल्या तात्यांच्या पंचाहत्तरीची वहीतुला होती. एका पारड्यात तात्या, दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतक्या वह्या, आणि त्या वह्या आहुप्याच्या शाळेला, कारण तात्यांची मास्तरकीची पहिली नेमणूक तिथली. वजन घ्यायचं म्हणून त्यांना गोड बोलून डेअरीच्या काट्यावर उभं केलं होतं. ब्याण्णव किलो भरले. (काटा बिघडलाय असं तात्यांचं मत आहे. तो काटा रोज गावाचं दूध मोजतो, हे कोणी बोललं नाही.) निम्म्या वह्या मी आणायच्या, निम्म्या तू. माझ्या शेचाळीस किलो शनिवारीच आल्या. तुझ्या शेचाळीस किलोंऐवजी रविवारी सकाळी साडेआठला तुझा फोन आला. अकराला मुहूर्त, मंचरचं ओळखीचं दुकान बंद, आणि तात्या नवं धोतर नेसून दारात येईल त्याला सांगतायत, गोरख निघालाय, निम्म्या वह्या त्याच्याच हायेत.

आता तूच सांग, त्या माणसाला जाऊन काय सांगायचं होतं मी?

तेवढ्यात तुझी भाची संस्कृती मदतीला धावली. ती अकरावी सायन्सला आहे आणि सध्या तिला टॉर्क झालाय. (गोवर झाल्यासारखाच, अंगावर उठलाय.) मला म्हणाली, आई, वजन महत्त्वाचं नसतंच, ते टेकूपासून किती लांब आहे ते बघायचं. दार बिजागरीपाशी ढकल, हलणार नाही. कडेला बोट लाव, उघडेल. वजन गुणिले अंतर, दोन्हीकडे सारखं आलं की दांडी आडवी. तात्यांना तीन फुटांवर बसव, वह्या सहा फुटांवर ठेव. ब्याण्णव त्रिक दोनशे शहात्तर, शेचाळीस सक दोनशे शहात्तर. मी चुलीपाशी बसून दोनदा गुणाकार केला. बरोबर निघाला. गणित बरोबर निघालं की माणसाची लाज जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

तराजू बनवायला जुन्नरचा मोहसीन वेल्डर आला होता. नऊ फुटी पाइपच्या बरोबर मध्ये त्याने टांगायची कडी बसवली होती. ती तीन फुटांवर सरकव म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग संस्कृतीकडे, आणि हसायलाच लागला. “ताई, जाम नट निघंना म्हणलं का आमी पान्याला पाइप घालतो. तेच हाय हे. फकस्त ही पोरगी फी भरून शिकली.” पाच मिनिटांत कडी हलली. आम्ही दांडी टांगली, आणि ती रिकामी दांडी लांब बाजूला धाडकन कलली. संस्कृती पाइपचं आणि पारड्यांचं स्वतःचं वजन विसरली होती! (पुस्तकातल्या दांडीला वजन नसतं म्हणे. पुस्तकातल्या मामाच्या गाडीचं टायरही जात नसेल.) मग पासंग म्हणून तात्यांच्या बैठकीखाली स्वयंपाकघरातला पाटा बांधला. तरी थोडं कमी पडलं, म्हणून वरवंटाही बांधला. वरून शाल पांघरली. दांडी सरळ. दोन्ही टोकांना झेंडूच्या माळा सोडल्या, म्हणजे मध्य कुठे आहे ते कोणी शोधायला जाऊ नये.

अकराला तात्या बसले. लोक एकेक गठ्ठा ठेवत गेले, शेवटचा गठ्ठा पडला आणि दांडी अशी आडवी झाली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो झाले, टाळ्या झाल्या. तिथेच थांबायला हवं होतं. पण प्रमुख पाहुण्यांना वाटलं, आपलंही काही असावं. त्यांनी पाच किलो पेढ्यांचा खोका वह्यांवर ठेवला. सहा फुटांवरचे पाच म्हणजे तात्यांच्या बाजूचे दहा! वह्या तीन फूट खाली आपटल्या आणि तात्या हातभर वर गेले. (लांब बाजू जास्त हलते, आखूड कमी, हेही बरोबरच आहे असं संस्कृती माझ्या कानात सांगत होती. तिला मी चिमटा काढला.) बैठकीखालची शाल सुटली आणि अख्ख्या मांडवाला आपला पाटा दिसला.

पुढच्या रांगेत गोजरबाई. चाळीस वर्षं आठवडे बाजारात भाजी विकलेली बाई. तिला काय फिजिक्स शिकवणार? ती उठली, कडीकडे बोट केलं आणि माइकपाशीच म्हणाली, “अगं पर्तिभा, कडी मदी न्हाईच की तुझी! येवढा काटा मी कोथमिरीला मारला असता तर लोकांनी मला बाजारातून हाकलली असती.”

वरून तात्यांचा आवाज आला, “वह्या किती हायेत गं?”

“शेचाळीस किलो.”

“आन मी?”

“ब्याण्णव.”

दुसऱ्या उत्तराने ते जास्त दुखावले असं मला वाटतं. पण साखळी धरून, लोंबकळत, त्यांनी माइक मागितला आणि जाहीर केलं की आहुप्याच्या पोरांना ब्याण्णव किलोच मिळतील, एक कागद कमी नाही, उरलेल्या माझा गोरख घेऊन येतोय. मग सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत कोणीतरी घाईने पेढ्यांबरोबर चार गठ्ठेही उचलले आणि तात्या खाली आले, ते रहाट सुटलेल्या बादलीसारखे. इजा नाही. पाट्याचा कपचा उडालाय.

तुझी,
प्रतिभाताई

ता. क. येत्या रविवारी शेचाळीस किलो वह्या घेऊन ये. एकरेघी आणि चौकडी निम्म्या निम्म्या.

ता. क. २. वरचं रागाच्या भरात लिहिलं, खोडावं म्हणत होते, पण पेनची शाई पुरवायची आहे. वह्या मंगळवारीच मंचरहून आणून आहुप्याला पोचवल्या. टेम्पो मोहसीनचा, गठ्ठे तात्यांनी स्वतः चढवले. तेव्हा तू वह्या आणू नकोस, नुसता ये. तात्या तुझं नाव काढत नाहीत. फक्त नाशिकची एसटी थांबली की पुढच्या ओट्यावर येऊन उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, नळाला पाणी आलं का बघत व्हतो. नळ मागच्या दारी आहे.